निवासी शाळेत नव्या सर-मॅडमची आणि कर्मचाऱ्यांची ओळख कशी करून द्यावी?

हस्ताक्षर
नमस्कार मंडळी. मी एका निवासी शाळेत मराठी शिकवते. पाचवी ते दहावी, मुलं-मुली दोन्ही, सगळे कॅम्पसवरच राहतात. सुट्टी संपून शाळा उघडतेय आणि यंदा बदल्या, राजीनामे, कंत्राटं संपणं हे सगळं एकदमच आल्यामुळे नवीन चेहरे भरपूर आहेत. गणिताचे सर, इंग्रजीच्या मॅडम, पीटीचे सर, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, नर्स, स्वयंपाकघरात दोघं जण आणि रात्रपाळीचे चौकीदार. ओळख करून द्यायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात मारलंय.

आमच्याकडे आजवर असं चालत आलंय की पहिल्या दिवशी परिपाठाला नवीन शिक्षकांना स्टेजवर उभं करायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, नाव, एमेस्सी बीएड, इतक्या वर्षांचा अनुभव, टाळ्या, संपलं. शिक्षकेतर लोकांची ओळख कोणी करूनच देत नाही, ते आपोआप कळतात म्हणे. पालकांच्या ग्रुपवर एक पीडीएफ जाते, ती कुणीही उघडत नाही.

रोज घरी जाणाऱ्या मुलांच्या शाळेत हे खपून जात असेल. इथे ही माणसं मुलांच्या शेजारी राहणार, त्यांना उठवणार, जेवायला वाढणार, आजारपणं काढणार. तर नेमकं काय सांगावं, कुणी सांगावं आणि आधी ओळख कुणाची? ज्यांनी बोर्डिंगमध्ये दिवस काढलेत किंवा काम केलंय त्यांनी प्लीज लिहा.

मधलीसुट्टी
पहिला!
गुलाबाचं फूल मस्ट आहे. त्याशिवाय रुजू करून घेतच नाहीत असं ऐकलंय.

माजी_नवोदयी
आमच्या वेळी ओळखपरेड नव्हतीच. नवोदयमध्ये (केंद्र सरकारच्या निवासी शाळा) हाऊस असतात, अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी, ज्युनियर सिनियर वेगळे. नवीन सर आले की पोरांत पहिला प्रश्न एकच, हे कुठल्या हाऊसचे हाऊस मास्टर होणार? विषय कुठला शिकवणार ते नंतर बघू. कारण विषयाचे सर दिवसातून एक तास भेटतात आणि हाऊस मास्टर सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत डोक्यावर. म्हणून माझं मत, डिग्र्या राहू द्या, हे सर कुठल्या हाऊसला आणि आठवड्यात कुठल्या दिवशी एमओडी (मास्टर ऑन ड्यूटी हो, बाहेरच्यांसाठी) एवढं सांगा. पोरांना तेवढंच हवं असतं.

सोनचाफा
मी पालक म्हणून लिहिते. मुलगी गेल्या वर्षी सहावीत गेली हॉस्टेलला. ती पीडीएफ मी उघडली होती बरं का, बहुतेक मी एकटीच असेन :) त्यात सगळ्या शिक्षकांचे पासपोर्ट फोटो, पदव्या, एकांची तर पीएचडीचा विषय पण होता. मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं, रात्री दोनला हिला ताप आला तर ही कुणाला उठवणार? मेट्रन कोण? त्या त्याच मजल्यावर झोपतात की बाहेर क्वार्टरमध्ये? नर्स रात्री असते का? फोन करून विचारलं तर ऑफिसातून उत्तर आलं, "मॅडम काळजी करू नका, सगळी सोय आहे." आता यावर काय बोलणार.

ताळेबंद
उगाच डोंगर करताय. मी एका संस्थेच्या शालेय समितीवर आहे. पालक फी भरतात, त्यांना शिक्षकांची क्वालिफिकेशन बघायची असते आणि ती दाखवावीच लागते. राहता राहिली मुलं, ती चार दिवसांत सगळं हुडकून काढतात. कोण कडक, कोण मऊ, कोण पेपर सोपा काढतो, कोणाचा हात सुटतो. आपण ओळख करून दिली काय आणि नाही दिली काय.

विधिलिखित
"कोणाचा हात सुटतो" हे सहज लिहून गेलात, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. हे जर मुलं चार दिवसांत 'हुडकत' असतील तर समितीने ते पाचव्या दिवशी हुडकायला हरकत नसावी.

ताळेबंद
अहो बोलायची पद्धत असते एक. आमच्याकडे तसं काही नाही.

गृहपाल
मी आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत अधीक्षक होतो, आता निवृत्त. ताळेबंद म्हणतात तसं चार दिवसांत पोरांना कळतं हे खरं आहे, पण ते चार दिवसच तर वाईट असतात. त्या चार दिवसांत पोरं पळून जातात, रडून आजारी पडतात, जेवत नाहीत. आश्रमशाळेत पहिलीपासूनची लेकरं असतात. घरी बोली कुणाची गोंडी, कुणाची कोरकू, कुणाची भिली आणि आपण माईकवरून शुद्ध मराठीत सांगणार की आपल्याला लाभलेले नवीन अधीक्षक महोदय. पोरगं स्पीकरकडे बघत बसतं.

एक सांगतो. एका वर्षी सुट्टीनंतर माझी खोली बदलली, मी मागच्या इमारतीत गेलो आणि माझ्या जुन्या खोलीत नवे सर राहायला आले. दुसरीतला एक मुलगा रात्री पोट दुखतं म्हणून उठला आणि सवयीने जुन्या खोलीच्या दाराशी जाऊन बसला. सरांना चाहूल लागली, त्यांनी दार उघडलं. हा त्यांना ओळखत नाही, ते ह्याला ओळखत नाहीत. पोरगं घाबरून पळालं, सरांना वाटलं कोणीतरी खोडी काढतंय, ते मोठ्याने ओरडले. पहाटे पहारेकऱ्याला तो व्हरांड्यात खांबामागे पाय पोटाशी घेऊन झोपलेला सापडला. चूक कुणाचीच नव्हती तसं बघायला गेलं तर. सर बिचारे पुढे त्या पोराचे सगळ्यात लाडके झाले ते वेगळं.

त्यानंतर आम्ही असं करायला लागलो की पहिल्या संध्याकाळी लहान पोरांचे गट करायचे, सोबत मोठा एखादा त्यांच्याच बोलीतला मुलगा द्यायचा, आणि प्रत्येक दाराशी न्यायचं. नुसतं दाखवायचं नाही, पोरांनी स्वतः दार वाजवायचं. आतल्या माणसाने बाहेर यायचं, आपलं नाव सांगायचं, पोराचं विचारायचं. ऐकायला बावळट वाटेल पण लहान पोरांना मोठ्या माणसाचं दार वाजवायची भीती असते, वाजवलं की रागावतील असं वाटतं. एकदा वाजवून कोणी रागावलं नाही की रात्रीही वाजवतात. स्वयंपाकी, कामाठी, सफाईगार, पहारेकरी, अधीक्षिका बाई, सगळ्यांकडे. मुख्याध्यापकांकडे सगळ्यात शेवटी, तोपर्यंत पोरं कंटाळलेली असतात आणि ते बरंच असतं.

सोनचाफा
गृहपाल काका, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या शाळेला पाठवते ही पोस्ट, नाव न सांगता.

खारूताई
+१ गृहपाल. दार वाजवायची कल्पना भारी आहे.

मधलीसुट्टी
आमच्या हॉस्टेलवर लोकांना दार वाजवून पळून जायची ट्रेनिंग कोणी दिली नव्हती तरी आम्ही ती बारा महिने करत होतो.

विधिलिखित
एक मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याचे २०२० चे जे नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की मुलं राहतात किंवा मुलांशी नियमित संपर्क येतो अशा संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठराविक काळाने करायची. शिक्षक असो की शिक्षकेतर, कायम असो की कंत्राटी. कंत्राटी हा शब्द नियमातच आहे, म्हणजे "तो एजन्सीचा माणूस आहे, आमचा नाही" ही पळवाट चालत नाही. त्यामुळे ओळख करून द्यायच्या आधी हस्ताक्षर ताईंनी ऑफिसात विचारावं की या सगळ्या नव्या लोकांची पडताळणी आलीय का. नसेल आली तर गुलाब थांबवा.

आणि नव्या स्टाफला पहिल्याच दिवशी हेही सांगा की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं याच कायद्याच्या कलम १९ ने बंधनकारक आहे. प्राचार्यांच्या कानावर घातलं म्हणजे आपलं काम झालं असं नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाविरुद्धची गोष्ट दाबली तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे.

ताळेबंद
मान्य. पण हे स्टेजवरून सांगायचं का, "यांची पोलीस पडताळणी झालेली आहे, टाळ्या"? चांगल्या माणसाला अपमान वाटतो हो. आमच्याकडे एका ज्येष्ठ शिक्षकांना फॉर्म भरायला सांगितला तर ते आठवडाभर बोलत नव्हते.

विधिलिखित
स्टेजवरून नकोच. पालकांना एक ओळ कळवा की सर्व कर्मचाऱ्यांची पडताळणी झालेली आहे. सगळ्यांची म्हटलं की कुणा एकाचा अपमान होत नाही. आणि ज्येष्ठांचं म्हणाल तर नियमात वयाची सवलत नाही :)

गृहपाल
त्यात माझी एक भर. मुलांना पडताळणी-बिडताळणी कळत नाही, मुलांना नियम सांगावा लागतो. उदाहरणार्थ हे इलेक्ट्रिशियन काका, हे मुलींच्या हॉलमध्ये दिवे दुरुस्त करायला येतील तेव्हा अधीक्षिका बाई सोबत असतील. बाई सोबत नसतील तर आत घ्यायचं नाही आणि लगेच येऊन सांगायचं. हे त्या काकांच्या समोर, हसत हसत सांगायचं. पोरींनाही कळतं, काकांनाही कळतं. दिवे बंद झाल्यावर हॉलमध्ये कोण येऊ शकतं आणि कोण नाही ही यादी छोटी असते, ती पोरांना तोंडपाठ पाहिजे. बाकी कुणाची एमए कुठल्या विषयात ते परीक्षेला येत नाही.

निळीशाई
सगळे मुलांच्या बाजूने लिहितायत, मी त्या स्टेजवर उभं राहणाऱ्या मुलीच्या बाजूने लिहिते. माझी पहिली नोकरी निवासी शाळेत, तीही वर्षाच्या मध्येच रुजू झाले. परिपाठाला ओळख झाली, फार छान छान बोलले सगळे. त्याच संध्याकाळी माझी ड्यूटी लावली. मला शाळेच्या घंटाच माहीत नव्हत्या. एक घंटा झाली, सगळी मुलं धावत सुटली, मला वाटलं आग-बिग लागली, मी पण धावले. ती मेसची घंटा होती. सातवीच्या एका मुलीने मला कडेला घेऊन समजावलं, मॅडम एक लांब म्हणजे जेवण, दोन छोट्या म्हणजे अभ्यासिका, आणि सतत वाजत राहिली तर मैदानात यायचं. माझं खरं इंडक्शन तिने केलं.

तर हस्ताक्षर, ओळख दोन्हीकडून हवी. नव्या माणसाला शाळेची कोण करून देणार? कुणाला दमा आहे, कोण झोपेत चालतं, कुणाच्या घरी नुकतंच काही वाईट झालंय, कुणाला भेटायला कोण येऊ शकतं आणि कोर्टाच्या आदेशाने कोण येऊ शकत नाही. हे कुठे लिहिलेलं असतं का? माझ्याकडे तर एक चावी आणि एक रजिस्टर दिलं होतं, रजिस्टरही मागच्या वर्षीचं.

आणि अजून एक, प्लीज प्लीज त्या पीडीएफमध्ये शिक्षकांचे पर्सनल नंबर टाकू नका. माझा टाकला होता. रात्री साडेअकराला फोन, "मॅडम आमच्या बाळाने आज दूध घेतलं का?" बाळ नववीत होतं. काही फोन तर मुलांबद्दल नव्हतेच, जाऊ दे.

सोनचाफा
तो दुधाचा फोन मी केला नव्हता हे नमूद करते. पण मग पालकांनी करायचं काय? ऑफिसचा फोन पाच वाजता बंद.

निळीशाई
सोनचाफा, हाहा. पुढच्या शाळेत एक छान पद्धत होती. ड्यूटीचा एक मोबाईल, शाळेच्या मालकीचा. ज्याची ड्यूटी त्याच्या हातात. पालकांकडे तो एकच नंबर, माणसं बदलली तरी नंबर तोच. आणि रात्री तो फोन खरंच उचलला जायचा, कारण कुणी उचलला नाही तर कुणाची ड्यूटी होती हे लगेच कळायचं.

खारूताई
ड्यूटी फोन +१००. शिवाय मुलांच्या हॉलमध्ये १०९८ लिहिलेलं असावं, चाइल्ड हेल्पलाइन, चोवीस तास आणि फुकट. बऱ्याच शाळांत ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेलं असतं. तिथे मुलं शिक्षा घ्यायला जातात, वाचायला नाही. आणि जिथून तो नंबर लावता येईल असा फोन मुलांच्या हाताशी हवा, नाहीतर नुसता नंबर काय कामाचा.

मधलीसुट्टी
धागा फार गंभीर झालाय, जरा अवांतर. तुम्ही ओळख करून द्या नाहीतर देऊ नका, मुलं त्यांची नावं स्वतःच ठेवतात. आमच्याकडे तीन पाटील सर होते. मोठे पाटील, छोटे पाटील आणि तिसरे आले तेव्हा त्यांना 'नवे पाटील' म्हणायला लागले. ते नवे पाटील परवा निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या बॅनरवर कुणीतरी चुकून तेच छापलं.

माजी_नवोदयी
ठ्ठो!! आमच्या फिजिक्सच्या सरांना 'जडत्व' म्हणायचे, कारण बाह्य बल लावल्याशिवाय ते खुर्चीतून उठत नसत.

अडगळ
आमच्या एका वॉर्डनचं नाव 'शुकशुक'. का ते कळलंच असेल. रात्री कॉरिडॉरमधून पायात चप्पल न घालता यायचे. आजही कुठे शुकशुक ऐकलं की हातातलं लपवतो मी, वय वर्षे पन्नास.

हस्ताक्षर
हसून हसून पुरेवाट. माझं काय नाव ठेवलंय ते मला माहितेय पण इथे सांगणार नाही.

वाचतेय सगळं, नोंदी घेतेय. एक अडचण विचारते. यादीत मी शिक्षकांची पूर्ण नावं लिहिली आणि स्वयंपाकघरातल्या दोघांना 'मावशी' आणि 'मामा' एवढंच, कारण ऑफिसातून तसंच लिहून आलं. मला ते खटकलं. मी जाऊन विचारलं तर मावशींनी नाव सांगितलं आणि म्हणाल्या आडनाव नका टाकू बाई. कारण विचारलं नाही मी.

ताळेबंद
पूर्ण नाव आणि गाव टाकावं, त्यात काय लपवायचं? कुठला माणूस आहे हे कळायला नको?

अडगळ
ताळेबंद, कारण तुम्हालाही माहितेय. आडनाव आणि गाव कळलं की महाराष्ट्रात पुढचं गणित लोक तोंडी करतात. विशेषतः स्वयंपाकघरातल्या माणसाच्या बाबतीत. मुलं करत नाहीत, पण रविवारी भेटायला येणारे काही पालक करतात आणि मग ते मुलाला काय सांगून जातात ते आपल्याला कळत पण नाही. मावशींनी ते अनुभवलं असणार.

ताळेबंद
आता हे २०२० च्या पुढे कोण करतं हो?

अडगळ
जे करतात ते करतो असं सांगून करत नाहीत.

पाटीपेन्सिल
या वरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं लांबण लागेल. आपल्याकडे बोर्डिंगचा इतिहासच या प्रश्नाशी बांधलेला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं आणि नंतर एकेका समाजाची वेगवेगळी वसतिगृहं उभी राहिली, कारण तेव्हा मुलं शहरात येऊन राहायची म्हटलं तर जेवायचं कुठे आणि कुणाच्या पंक्तीला हाच अडसर होता. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात जे बोर्डिंग सुरू केलं तिथे सगळ्या जातीची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्याचा संसार ओढताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. बघा ना, रयत (कर्मवीरांची शिक्षणसंस्था) म्हटलं की अण्णांच्या, म्हणजे कर्मवीरांच्या, बरोबरीने लोक लक्ष्मीबाईंचं नाव घेतात आणि त्या काही वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षिका नव्हत्या, त्या मुलांचं जेवण-खाण, दुखणंखुपणं बघत होत्या. बोर्डिंगमध्ये शिक्षकेतर असं वेगळं काही नसतंच, हा आपला नंतरचा कारकुनी शब्द.

म्हणून माझं मत, यादीत सगळ्यांचं सारखं लिहा. सगळ्यांचं पहिलं नाव आणि पुढे सर, मॅडम, मावशी, मामा जे काय ते. प्राचार्यांसकट. एकट्या मावशींचं आडनाव गाळलं तर ते उलट उठून दिसेल.

अडगळ
सहमत. प्राचार्यांसकट हे सगळ्यात अवघड :)

गृहपाल
पाटीपेन्सिल यांनी छान लिहिलंय. पदांचा विषय निघालाच आहे तर, साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. साठ वर्षं सगळा कारभार मुलांचा आणि २०२१-२२ पासून सगळ्याच सैनिक शाळांत मुली यायला लागल्या. अशा ठिकाणी महिला कर्मचारी नव्याने येतात तेव्हा त्यांची ओळख मुलींना करून देतात, मुलांना नाही. मुलांनाही द्यावी. नाहीतर मुलांच्या मते त्या 'मुलींच्या मॅडम' आणि काही झालं तर आपण त्यांच्याकडे जायचं नसतं.

कंपासपेटी
मी कॅम्पसवरच वाढले, आई मेट्रन होती. सगळे नवीन कोण आलं यावर बोलताय, गेलं कोण हे मुलांना कोणी सांगतं का? सुट्टीला जाताना मुली आईच्या गळ्यात पडून जायच्या. एका वर्षी सुट्टीतच आईची बदली झाली. शाळा उघडली तेव्हा तिच्या खोलीत दुसऱ्या बाई. परिपाठाला त्यांचं स्वागत झालं, आईचं नावही कोणी काढलं नाही. लहान मुलींनी त्या नव्या बाईंना पहिला महिनाभर इतकं हैराण केलं, बोलायच्या नाहीत, केसांना हात लावू द्यायच्या नाहीत. दोष त्या बाईंचा काडीचा नव्हता. मोठी माणसं असं न सांगता गायब होतात असं वाटलं की पुढच्या माणसावर मुलं जीव लावत नाहीत. कंत्राटी लोकांचं तर अजूनच वाईट, त्यांना निरोप समारंभ पण नसतो, एक तारीख येते आणि एजन्सीची गाडी दुसऱ्याला घेऊन येते.

आईने जाताना एक वही ठेवली होती नव्या बाईंसाठी, ते मात्र सांगण्यासारखं आहे. वरती निळीशाईने विचारलंय ना, कुठे लिहिलेलं असतं का. त्यात प्रत्येक मुलीबद्दल दोन-तीन ओळी. ही पहाटे घाबरून उठते, हाक मारू नका, नुसता दिवा लावा. हिला पाळी सुरू झालीय पण ती सांगणार नाही. ह्या दोघींचं अंथरूण ओलं होतं, चादर त्या स्वतः बदलतात, तुम्ही फक्त कपाटाच्या खालच्या कप्प्यात चादरी ठेवत जा, विचारू नका. ती वही कुलपात ठेवा असं पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं. नव्या बाईंनी पुढे कितीतरी वर्षं ती वापरली, त्यात भर घातली, असं त्यांनीच आईला फोनवर सांगितलं.

निळीशाई
हे. अगदी हे. मला ही वही मिळाली असती तर.

विधिलिखित
वही सुंदर आहे. कुलूप सगळ्यात महत्त्वाचं. आजकाल हीच माहिती स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, फोटोसकट. तसं करू नका.

माजी_नवोदयी
कंपासपेटींचं वाचून मायग्रेशन आठवलं. नवोदयमध्ये नववीतली साधारण तीस टक्के मुलं एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात जातात, हिंदी पट्ट्यातली इकडे आणि आपली तिकडे. आम्ही गेलो तेव्हा तिथे सगळी माणसं एकमेकांना ओळखत होती, नवे फक्त आम्ही. स्वागताचं भाषण झालं, त्यातलं अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. मेसमध्ये वाढणाऱ्या एका काकांनी रांगेत प्रत्येकाला नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्या दिवशी चुकीच्या उच्चारात का होईना नावाने हाक मारली. त्या शाळेतल्या पहिल्या आठवड्यातला दुसरा एक माणूस मला आठवत नाही. नव्या लोकांना जमलं तर हे सांगा हस्ताक्षर, तुमची ओळख करून देऊच, पण तुम्ही मुलांची नावं विचारा.

ताळेबंद
बरं, माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पदव्या वेबसाइटवर टाका, बघणारे बघतील. परिपाठात नकोत. पण नोटीस बोर्डावर फोटो लावणार असाल तर सांगून ठेवतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बॉलपेनच्या मिश्या फुटतात.

मधलीसुट्टी
ज्यांना आधीच आहेत त्यांना शिंगं.

हस्ताक्षर
मंडळी, तुमच्या जिवावर कच्चा मसुदा केलाय. बघा आणि झोडपा.

परिपाठात फक्त नावं आणि एका ओळीत काम, दहा मिनिटांच्या वर नाही. आधी रात्री मुलांच्या जवळ असणारे, म्हणजे अधीक्षिका, नर्स, चौकीदार. मग स्वयंपाकघर. मग शिक्षक. जे गेले त्यांची नावं, कुठे गेले, आणि ज्यांना पत्र लिहायचंय त्यांनी माझ्याकडे द्यावं (कंपासपेटी, हे तुमच्यामुळे). संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांची गटागटाने दारोदार फेरी, दार मुलांनीच वाजवायचं. मुलींच्या हॉलमध्ये कोण कधी आणि कुणाबरोबर येऊ शकतं ते अधीक्षिका स्वतः सांगतील, संबंधित लोकांसमोर. पालकांना एक पान, त्यात ड्यूटीचा नंबर आणि रात्रीची व्यवस्था. ड्यूटी फोनला प्राचार्य हो म्हणालेत, फोन मात्र अजून आलेला नाही. पडताळणीचं ऑफिसात विचारलं, दोघांची यायचीय, तोवर त्यांना वसतिगृहाच्या बाजूला काम देणार नाहीत असं ठरलंय.

फुलाबद्दल प्राचार्य ऐकायला तयार नाहीत. ते राहील, पण आता सगळ्यांना मिळेल.

गृहपाल
उत्तम. दोन गोष्टी. चौकीदार रात्रपाळीचे आहेत ना, मग ते सकाळच्या परिपाठाला झोपलेले असणार किंवा झोपेत उभे. त्यांची ओळख रात्रीच्या हजेरीला करून द्या, त्यांच्या कपड्यात, त्यांच्या काठी-बॅटरीसकट. मुलं त्यांना तसंच बघणार आहेत. आणि जे दिवाळीनंतर मध्येच येतील त्यांचं काय? पहिल्या दिवशीचा कार्यक्रम होतो, मधल्यांचं कोणी करत नाही, निळीशाईंचं तेच झालं.

हस्ताक्षर
चौकीदारांचं लक्षातच आलं नव्हतं, बदलते. मधल्यांसाठी फेरी परत काढू, तेवढीच मुलांना अभ्यासिकेतून सुटका.

खारूताई
स्वयंपाकघरातल्या मावशींना मसुदा दाखवलात का?

हस्ताक्षर
वाचून दाखवला. म्हणाल्या नाव बरोबर आहे, पण "वाढण्याचं काम" लिहिलंय ते खोडा, मी स्वयंपाक करते, वाढतात ते मामा. खोडलं.

अडगळ
एक शंका. आमच्या जुन्या शाळेत यंदा प्राचार्यच नवीन येतायत. त्यांची ओळख कोण करून देतं?

मधलीसुट्टी
ते स्वतःच देतात. पाऊण तास.